मूल आयेच्या हाती असताना

'मूल पडले' हे दोन शब्द ज्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत, असे घर शोधून सापडावयाचे नाही. मूल पडते, रडते, कोणी तरी त्यास उचलून घेते, आणि घटकाभराने ते पुन्हा त्याच पायरीवर चढू लागते. परंतु ते पडले तेव्हा आई कचेरीत होती, वडील परगावी होते आणि जवळ महिन्याच्या पगारावर ठेवलेली बाई होती, असे असले म्हणजे त्या दोन शब्दांच्या मागोमाग एक प्रश्न उभा राहतो : कोणामुळे पडले? इजा मोठी असेल तर दुसराही प्रश्न येतो : आता खर्च कोणी सोसावयाचा? श्रोतेहो, हे दोन्ही प्रश्न बहुधा चुकीच्या वेळी विचारले जातात. मूल इस्पितळात असते, घरातील माणसांचे चित्त ठिकाणावर नसते, आणि ती बाई कोपऱ्यात रडत उभी असते. म्हणून आज ते आपण शांतपणे, काही घडले नसताना विचारून पाहू.

विचारास एक निश्चित स्थळ असावे म्हणून मी रायगडचा किनारा घेतो. १९८१ पर्यंत ज्यास आपण कुलाबा जिल्हा म्हणत होतो, त्याचीच ही मांडव्यापासून अलिबाग, मुरूड व श्रीवर्धनपर्यंत गेलेली पट्टी. मुंबईकर कुटुंबांचा येथील राबता जुनाच आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्यास नेणारी बोट सुरू झाली आणि तो अधिकच सोपा झाला. या कुटुंबांबरोबर मुलाची आयाही येते. मुंबईच्या सदनिकेत ती मोठी तरबेज असते. उद्वाहनाचे दार, खिडकीचे गज, रस्त्यावरची वाहने, सर्वांवर तिची नजर असते. परंतु वाडीतल्या विहिरीचा काठ किती बुटका असतो, पुळणीवर पाणी कोणत्या बाजूने घेरीत येते, उधाणाच्या दिवशी ओहोटीची ओढ केवढी असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ती घाटावरील असली तर तिला पोहताही येत नसते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो आणि भरती येताच चहूकडून पाण्याने वेढला जातो. ज्यास ही वेळ ठाऊक नाही, त्याच्या हाती मुलाचा हात देणे म्हणजे काय, याचा विचार सहलीच्या उत्साहात राहून जातो.

उलट, अलिबागेतच नोकरी करणारे जोडपे शेजारच्या आळीतील बाईकडे मूल सोपविते. तिला विहीर, रहाट आणि भरती-ओहोटी यांची जन्मापासून ओळख असते. परंतु नव्या बंगल्यातला पोहण्याचा हौद, विजेचा पाणी तापविण्याचा बंब, आपोआप कुलूप लागणारे दार, या वस्तू तिला अपरिचित असतात. तात्पर्य, दोन्ही घरी बाई दक्ष आहे; उणीव आहे ती माहितीची. आणि ती माहिती देणे हे कोणाचे काम होते, याच ठिकाणी आपल्या विषयाचे बीज आहे.

प्रथम अपघात आणि हयगय यांतील भेद पाहू. प्रत्येक दुखापतीमागे अपराधी असलाच पाहिजे, असे कायदा मानीत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत हा भेद दृष्टान्तांनी समजावून दिला होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने ते दृष्टान्त कायम ठेविले आहेत. एक मनुष्य कुऱ्हाडीने काम करीत आहे. कुऱ्हाडीचे पाते निसटून जवळ उभा असलेला दुसरा मनुष्य मरतो. योग्य ती खबरदारी घेण्यात उणीव झाली नसेल, तर तो गुन्हा नव्हे. दुसरा दृष्टान्त तर लहान मुलाचाच आहे. घरास आग लागली आहे, वर एक मनुष्य मुलासह अडकला आहे, खाली लोकांनी घोंगडी ताणून धरली आहे. तो मनुष्य मुलास वरून सोडतो. मूल दगावले तरी, त्याचा हेतू मुलास वाचविण्याचा असेल, तर तो अपराधी नाही. कायदा येथे परिणामाकडे न पाहता त्या क्षणीच्या सद्बुद्धीकडे व सावधपणाकडे पाहतो.

हेच माप आपल्या घराला लावावे. ओटीवर धावणारे तीन वर्षांचे मूल अडखळते आणि त्याचा दात पडतो. बाई चार हातांवर उभी होती. हा अपघात होय. दोन वर्षांचे मूल हौदाच्या काठावर आणि बाई पाठ फिरवून दूरध्वनीवर बोलत आहे. ही हयगय होय. लहान मूल टिचभर पाण्यातही आवाज न करता गुदमरते, म्हणून या हयगयीस क्षुल्लक म्हणता येत नाही. आता तिसरे उदाहरण घ्या. बाई तान्ह्या मुलास न्हाऊ घालीत आहे. दारावर टपाल येते. आतून बाईसाहेब हाक मारतात, 'अगं, जरा सही करून घे.' ती जाते, आणि परत येईपर्यंत अनर्थ झालेला असतो. हयगय खरी; परंतु ती कोणाची? हाकेस ओ न देण्याचे स्वातंत्र्य तिला होते काय? प्रत्यक्षात घडणाऱ्या पुष्कळशा दुर्घटना या तिसऱ्या जातीच्या असतात.

फौजदारी बाजू थोडक्यात सांगून टाकतो. हयगयीमुळे मृत्यू ओढवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कारावास होता. न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली आहे. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याने त्यास मारहाण केली, टाकून दिले किंवा बुद्धिपुरस्सर दुर्लक्षून क्लेश दिले, तर २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे ७५ वे कलम लागू होते, आणि ते आयेप्रमाणेच आईबापांसही लागू आहे. याच जिल्ह्यातील खारघर येथे नोव्हेंबर २०१६ मध्ये एका पाळणाघरातील आया दहा महिन्यांच्या मुलीस मारीत असल्याचे तेथील कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसून आले, आणि आया व पाळणाघराची चालक या दोघींस अटक झाली. तो प्रकार अपघाताचा नव्हता, आणि अपघाताच्या चर्चेत तो मिसळूही नये. क्रौर्य निराळे व चूक निराळी. पहिल्याच्या धास्तीने दुसरीलाही त्याच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

आता दिवाणी जबाबदारी, म्हणजे भरपाईचा प्रश्न. येथे इंग्रजी न्यायपद्धतीतून आपल्याकडे आलेले एक जुने तत्त्व आहे. चाकराने नेमून दिलेल्या कामाच्या ओघात हयगय केली, तर तिची भरपाई धन्याने द्यावी. तत्त्वामागील युक्तिवाद सरळ आहे. चाकरास निवडले धन्याने, काम नेमून दिले त्याने, कामाचा लाभ घेतला त्याने, आणि भरपाई देण्याची ऐपतही बहुधा त्याचीच.

वेल्समधील एका बालशाळेची हकीकत या ठिकाणी उद्बोधक आहे. शिक्षिका दोन मुलांस फिरावयास नेण्याच्या तयारीत होती. इतक्यात दुसरे एक मूल पडून जखमी झालेले तिने पाहिले, आणि त्याची जखम धुण्यात व बांधण्यात तिची काही मिनिटे गेली. तेवढ्यात चार वर्षांचा एक मुलगा उघड्या फाटकातून बाहेर पडून थेट हमरस्त्यावर गेला. त्यास वाचविण्यासाठी एका लॉरीचालकाने गाडी वळविली, ती खांबावर आदळली, आणि तो चालक मृत्यू पावला. त्याच्या विधवेने दावा केला. १९५५ साली इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने निर्णय दिला की, शिक्षिकेचा दोष नाही. जखमी मुलाकडे धावणे हेच तिचे कर्तव्य होते. दोष त्या व्यवस्थेचा, जिने लहान मुलांच्या शाळेचे फाटक असे ठेविले की चार वर्षांच्या मुलास ते सहज ओलांडता यावे. भरपाई शाळा चालविणाऱ्या कौन्सिलने दिली.

या निर्णयात आपल्या विषयाचे सार आले आहे. मुलाजवळ असणाऱ्या व्यक्तीचा एक क्षण आणि व्यवस्था करणाऱ्याचे महिनोन्महिने, यांत न्यायालयाने दुसऱ्याकडे बोट दाखविले. वाडीतली विहीर वर्षानुवर्षे उघडी आहे, हौदास कुंपण नाही, समुद्राकडील फाटकाची कडी मुलाच्या हातास येते; आणि मग एके दुपारी बाईचा डोळा लागला म्हणून सर्व दोष तिचा, असे म्हणावयास न्यायबुद्धी धजत नाही.

आपल्या देशातही हेच तत्त्व दृढ झाले आहे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळील एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि चौदा लहान विद्यार्थी बुडाले. शिक्षकांच्या हयगयीबद्दल संस्था जबाबदार आहे, असा निर्णय होऊन प्रत्येक मुलाच्या पालकांस पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला, व २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दैवयोग असा की, १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्या मुरूडच्या समुद्रातही पुण्याहून सहलीस आलेले चौदाच विद्यार्थी बुडाले. ते वयाने मोठे होते. त्यांस कडेवर घेऊन कोणी हिंडत नव्हते. जे पाणी महाविद्यालयातील तरुणांस आवरले नाही, त्याच्या काठी दोन वर्षांचे मूल एकट्या बाईच्या हवाली करताना पालकांनी घटकाभर थांबावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

परंतु घरगुती प्रकरणात एक चमत्कारिक गाठ पडते. मूलही आपलेच आणि बाईही आपलीच. दुखावलेला पक्ष आईबाप आणि जबाबदार धनीही आईबापच. मग दावा कोणी कोणावर करावयाचा? बाईवर व्यक्तिशः दावा करता येतो हे खरे. परंतु तिच्या पगारातून शस्त्रक्रियेचा खर्च निघावयाचा नाही, आणि न्यायालयात प्रश्न आपल्यालाच विचारले जातील. तिला दिवसाचे किती तास काम होते? एका वेळी किती मुले होती? शिवाय स्वयंपाक आणि धुणेही तिच्याकडेच होते काय? विहिरीस झाकण होते काय? एक प्रश्न तर असा आहे की त्यास उत्तरच नाही : तिचे वय काय होते? मूल खेळवावयास म्हणून गावाकडून बारा-तेरा वर्षांची पोर आणण्याची चाल कित्येक सुशिक्षित घरांतही होती. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणे हा गुन्हा आहे. जिला अजून कोणी तरी सांभाळावयास हवे, तिने दुसऱ्याचे मूल सांभाळावे ही अपेक्षाच मुळात हयगयीची आहे.

बाई आपण स्वतः न ठेवता संस्थेमार्फत आणली, किंवा मूल पाळणाघरात ठेविले, तर स्थिती थोडी बदलते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने 'सेवा' या शब्दातून घरच्या नोकरीसारखा वैयक्तिक सेवेचा करार वगळला आहे. म्हणून आपल्या पगारी बाईविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. परंतु मोबदला घेऊन मुले सांभाळणारे पाळणाघर, बाई पुरविणारी संस्था किंवा पाहुण्यांस हौद वापरू देणारे विश्रामगृह यांच्या सेवेतील उणिवेबद्दल तेथे दाद मागता येते. म्हणूनच अशा ठिकाणची पावती व करारपत्र जपून ठेवावे.

आणखी एक शंका निवारण केली पाहिजे. बाईने मुलाचा हात सोडला आणि भरधाव मोटारीने त्यास धक्का दिला, तर मोटारवाला 'चूक तुमच्या आयेची' म्हणून सुटतो काय? १८५८ साली इंग्लंडमध्ये एका आजीच्या हयगयीमुळे तिच्या पाच वर्षांच्या नातवाचा रेल्वेविरुद्धचा दावा बुडाला होता. हा कठोर नियम पुढे टिकला नाही. १९३३ सालच्या एका खटल्यात आजोबांनी बस येताना पाहून चार वर्षांच्या नातवाचा हात सोडला व स्वतः उडी मारली. तरीही मुलास बस कंपनीकडून पूर्ण भरपाई मिळाली. सांभाळणाऱ्याचे पाप मुलाच्या माथी मारावयाचे नाही, हा त्यातील बोध आहे. आपल्याकडे मोटारीचा त्रयस्थांसाठीचा विमा सक्तीचा आहे, आणि जखमी मुलाच्या वतीने पालकांस मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाता येते. बाईची चूक झाली म्हणून हा मार्ग सोडून देऊ नये.

आता विम्याकडे वळू. विमा म्हटला की आपला समज असा होतो की, कोणता तरी एक कागद घरात असला म्हणजे सर्व संकटे झाकली गेली. वस्तुतः विमापत्र हे छत्रीसारखे आहे. ज्या बाजूस धरावे त्याच बाजूचा पाऊस अडतो.

काही नावे तर भ्रम उत्पन्न करणारी आहेत. १९९१ चा 'सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम' हे नाव ऐकून हाच आपल्या कामाचा, असे वाटेल. परंतु तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी झाला आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाचे एकाच नमुन्याचे विमापत्र मिळते. आग, वादळ, पूर यांपासून घर व सामान यांचे ते रक्षण करते, आणि किनाऱ्यावरील घरास ते अवश्य असावे. त्यात वैयक्तिक अपघाताचे एक ऐच्छिक कलमही आहे. परंतु ते विमेदार व त्याची सहचरी किंवा सहचर एवढ्यांपुरतेच, आणि घरावर त्याच संकटाने घाला घातला तरच. विहिरीत पडलेल्या मुलाशी त्याचा संबंध नाही.

याहून व्यापक असे जे गृहस्थाचे एकत्रित विमापत्र असते, त्यात बहुधा दायित्वाचा एक विभाग मिळतो. शेजारचे मूल आपल्या अंगणात खेळावयास आले, आपल्या बाईच्या हयगयीने हौदात पडले, आणि शेजाऱ्यांनी भरपाई मागितली, तर हा विभाग उपयोगी पडतो. घरच्या नोकरास काम करताना इजा झाल्यास त्याची सोयही कित्येक विमापत्रांत असते. परंतु आपले स्वतःचे मूल? दायित्वाचा विमा हा त्रयस्थांसाठी असतो, आणि आपल्याच छपराखाली राहणारे आपले अपत्य त्रयस्थ नव्हे. म्हणून ज्या संकटाची आपणांस सर्वांत अधिक भीती वाटते, त्याच ठिकाणी हा विमा स्तब्ध राहतो. विमापत्र घेताना 'कुटुंबातील व्यक्ती' या शब्दांची व्याख्या व वगळलेल्या बाबींची यादी चष्मा लावून वाचावी, ती याचसाठी.

इंग्लंडात याबाबत निराळी घडी बसली आहे. तेथील बाल-सेवांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या ऐच्छिक नोंदपटावर नाव घालू इच्छिणाऱ्या आयेस दायित्वाचा विमा असावाच लागतो, आणि नोकर ठेवणाऱ्या घरमालकावर नोकराच्या इजेसाठी विमा घेण्याची १९६९ च्या कायद्याने सक्ती आहे. त्यामुळे अपघातानंतर दोन गरजू माणसे समोरासमोर न उभी राहता दोन विमा कंपन्या पत्रव्यवहार करतात. आपल्या घरगुती आयेच्या पाठीशी असे विमापत्र नसते. तेव्हा आपणांस उलट बाजूने विचार करावा लागतो. दोष कोणाचा हे सिद्ध केल्यावर मिळणाऱ्या पैशावर विसंबण्यापेक्षा, दोष न विचारता मिळणारा पैसा आधीच राखून ठेवावा.

असे मार्ग दोन आहेत. पहिला, कुटुंबाच्या आरोग्यविम्यात मुलाचे नाव घालणे. बहुधा तीन महिन्यांच्या वयापासून मुलास त्यात घेतात. नव्या विमापत्रात पहिले तीस दिवस आजारासाठी पैसे मिळत नाहीत. अपघातास मात्र ही अट लागू नसते. दुसरा मार्ग वैयक्तिक अपघात विम्याचा. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम मिळते, आणि मूल आईच्या कडेवर होते की आयेच्या, हा प्रश्नच त्यात उद्भवत नाही. मुलासाठी ही रक्कम आईबापांच्या विम्याच्या मानाने मर्यादित ठेवलेली असते, हे लक्षात असावे. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी यांच्या नावाची विद्यार्थी अपघात साहाय्याची योजना आहे. परंतु ती पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. ज्या वयाचे मूल आयेकडे असते, ते वय तिच्या बाहेर राहते. मुद्दाम केलेल्या इजेस कोणताही विमा नसतो, हे सांगणे नलगे. आणि अपघात होताच विमा कंपनीस लगेच कळविणे व घडले तसे कळविणे, हे दोन नियम कधीही मोडू नयेत.

येथवर आपण मुलाचा विचार केला. परंतु त्याच पुळणीवर लाटेत ओढल्या जाणाऱ्या मुलामागे जी पाण्यात उडी घेईल, तिचे काय? पोहता येत नसतानाही ती उडी घेईल. मूल जिला 'मावशी' म्हणते ती त्या क्षणी आपला पगार आठवीत बसत नाही. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी झालेल्या कामगारास अपघातात तात्काळ साहाय्य, प्रसूतिलाभ, मुलांच्या शिक्षणास मदत, अशी तरतूद आहे. मात्र नोंदणी हवी. देशभरच्या घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी लक्ष वेधून, केंद्र सरकारास त्यासाठी समिती नेमण्यास सांगितले. तो कायदा व्हावयाचा तेव्हा होवो. आज करण्याजोगी एक गोष्ट अशी की, २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अठरा ते सत्तर वर्षांच्या कोणाही बँक खातेदारास वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचा व अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाखाचा विमा मिळतो. बाईचे बँकेत खाते उघडून देणे आणि दर वर्षी हे वीस रुपये भरले गेले की नाही हे पाहणे, यास घरमालकिणीस अर्धी दुपार पुरते. ज्या घरात मुलाच्या एका खेळण्यास याच्या वीसपट किंमत पडते, तेथे ही सबब चालावयाची नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. कायदा आणि विमा हे दोन्ही अपघातानंतर येतात. अपघात आणि उपचार यांच्या मधला जो अर्धा तास, तो सर्वस्वी त्या बाईच्या हाती असतो, आणि त्या अर्ध्या तासात ती काय करील हे आपण तिच्याशी वर्षभर कसे वागलो यावर अवलंबून राहते. पेला फुटला तर पगार कापणाऱ्या घरात मूल पलंगावरून पडल्याची बातमी संध्याकाळी सांगितली जात नाही. बाई टेंगळावर पदर ओला करून धरते, मुलास थोपटून निजविते, आणि देवाची करुणा भाकीत बसते. डोक्यास मार बसलेले मूल झोपाळू होणे, त्यास वारंवार वांती होणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. 'शांत निजले आहे' असे समजून तेथे मोलाचे तास निघून जातात. बुडता बुडता वाचलेले मूल हसू-खेळू लागले तरी त्यास डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे. तेही लपविले जाते.

विंचवाचे उदाहरण तर याच जिल्ह्याचे आहे. कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांस विशेष घातक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून या भागात असे रुग्ण पाहिले, विषाचा घाला हृदयावर कसा होतो याचा अभ्यास केला, आणि प्राझोसीन या औषधाने उपचार रूढ केले. पूर्वी शंभरांत चाळीसांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे एकाच्या घरात आले, अशी त्यांची नोंद आहे. या कार्याबद्दल त्यांस २०२२ साली पद्मश्री देण्यात आली. परंतु हे औषध वेळेवर पोहोचावे लागते. घामाने भिजून गारठत चाललेल्या मुलास काय चावले हे सांगणारी एकच व्यक्ती असते, आणि तिची वाचा भीतीने बसली असली तर डॉक्टरांची विद्या तरी काय करणार?

म्हणून बाईशी पहिल्याच दिवशी चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात, व शक्य तर कागदावर लिहून भिंतीस लावाव्यात. मूल पाण्याजवळ, न्हाणीत किंवा जिन्यावर असताना तिला दुसरे कोणतेही काम सांगितले जाणार नाही. कोणी हाक मारली तरी तिने जाऊ नये. काहीही घडले तर प्रथम मूल, नंतर आम्हांस निरोप. खरे सांगितल्याबद्दल पगार कापला जाणार नाही, नोकरी जाणार नाही. आणि आम्ही भेटलो नाही तरी मुलास दवाखान्यात नेण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. या अधिकाराचे सहीचे पत्र, थोडी रक्कम, मुलाचा रक्तगट व चालू औषधे, जवळच्या इस्पितळाचा पत्ता, तसेच ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक एका पाकिटात घालून तिच्या हाताशी ठेवावेत. सोबत पालक नाहीत किंवा प्रकरण पोलिसांचे आहे, या सबबीवर तातडीचे उपचार रोखता येत नाहीत. प्राण वाचविणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच ठरविले आहे. हे वाक्य तिला पाठ असावे, म्हणजे इस्पितळाच्या दाराशी ती अडणार नाही.

किनाऱ्यावर सुट्टीस जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. पोहोचल्याबरोबर सामान सोडण्यापूर्वी बाईस घेऊन वाडीतून एक फेरी मारावी. विहीर, हौद, फाटक, लाकडांचा ढीग, सारे दाखवावे. त्या दिवसाच्या भरतीची वेळ स्थानिक माणसास विचारून तिला सांगावी. हौदास कुंपण नसेल तर ते घर घेऊच नये.

मुलास सांभाळण्याचे काम दुसऱ्यास देता येते; मुलाबद्दलची जबाबदारी तशी देता येत नाही. ती पगाराबरोबर दर महिन्यास हस्तांतरित होत नाही. मात्र ती त्या बाईबरोबर वाटून घेता येते, आणि वाटून घेतली म्हणजे दोघांसही हलकी होते. विम्याचे कागद एका खणात नीट लावून ठेवावेत, आणि त्याच दिवशी विहिरीवर जाळीही बसवून घ्यावी.